वाचकांचे प्रश्न: शाळेतली मंडळं जूनमध्ये उगवतात, दिवाळीत कुठे जातात?

शाळा सुरू झाल्या की विज्ञान मंडळ, नाट्य मंडळ, निसर्ग मंडळ अशा पाट्या लागतात. या वेळची बरीचशी पत्रं त्या पाट्यांमागे पुढे काय होतं याबद्दलची आहेत. लिहिणाऱ्यांत शिक्षक आहेत, पालक आहेत आणि आठवीतला एक विद्यार्थीही आहे.

प्रश्न : आमची शाळा दोन पाळ्यांत भरते. गेल्या जूनमध्ये आठवी-नववीसाठी नऊ मंडळं सुरू केली. पाहुणे बोलावून उद्घाटन झालं. गणपतीनंतर तीन उरली, दिवाळीनंतर एकही नाही. मुलांना आवड नाही म्हणावं, तर संमेलनाला हीच मुलं रात्री आठपर्यंत थांबतात. चुकतं कुठे?
*– शिक्षिका, हडपसर*

चुकतं ते वेळापत्रकात. शाळा सुटल्यावर मंडळ ठेवलं की पहिली अडचण व्हॅनवाल्या काकांची. त्यांना पुढची फेरी असते, ते दहा मिनिटं थांबतात आणि हॉर्न वाजवायला लागतात. तोवर दुसऱ्या पाळीची मुलं दाराशी आलेली असतात, म्हणजे वर्गही रिकामा नाही. नववीच्या निम्म्या मुलांचा संध्याकाळी क्लास. उरतात ती शाळेजवळ राहणारी सहा-सात मुलं, आणि मग आपण म्हणतो प्रतिसाद नाही.

मंडळाचा तास शाळेच्या वेळेतच हवा. शनिवारचे शेवटचे दोन तास, एक आड एक शनिवारी, आणि तो वेळ वेळापत्रकात छापलेला. पस्तीस मिनिटांचे दोन तास म्हणजे सत्तर मिनिटं. त्यातली दहा मिनिटं बसण्या-उठण्यात जातात हे धरूनच काम ठरवायचं.

आता हिशेब करा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साधारण वीस आठवडे, म्हणजे दहा बैठका. घटक चाचणी, गणपती, सत्र परीक्षा, एखादी अतिवृष्टीची सुट्टी वगळली की हातात सहा उरतात, फार तर सात. सहा बैठकांत काय पुरं होईल ते जूनमध्येच कागदावर आलं पाहिजे. ‘विज्ञानाची गोडी लावणे’ सहा बैठकांत होत नाही. ‘पावसाचं माप रोज घेऊन सप्टेंबरअखेर आलेख लावणे’ होतं. हे माप घ्यायला सरळ काठाचा प्लास्टिकचा डबा आणि पट्टी पुरते. डबा उघड्यावर ठेवायचा, रोज एकाच वेळी पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची आणि डबा रिकामा करायचा. डबा बुडाशी निमुळता असला तर आकडा चुकतो, आणि गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवला तर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस त्यात पडतच नाही. मुलांना या दोन्ही गोष्टी आकडे जुळेनासे झाले की आपोआप कळतात. आधी सांगून टाकू नका.

नऊ मंडळं फार झाली. नऊ शिक्षक, नऊ खोल्या आणि नऊ कपाटं कुठल्याच शाळेत नसतात. त्यातच शिक्षकांमागे निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहित्या भरणं असतं. चारच ठेवा. प्रत्येकात चोवीसपर्यंत मुलं, सहा-सहांचे चार गट. स्काउटमध्ये एका संघात सहा ते आठ मुलं असतात ती उगीच नाहीत. त्याहून मोठ्या गटात दोघं काम करतात आणि बाकीचे बघतात.

मंडळ निवडताना मुलांकडून चिठ्ठीवर तीन पसंतीक्रम घ्या. हात वर करून विचारलं तर मैत्रिणी ज्या मंडळात त्याच मंडळात सगळ्या जातात. प्रत्येक मंडळात आठवी आणि नववी मिसळलेली असावी, प्रमुख नववीचा आणि उपप्रमुख आठवीचा. नुसत्या नववीचं मंडळ केलं तर पुढच्या जूनमध्ये सगळे दहावीत जातात आणि काम शून्यापासून सुरू होतं. मंडळं मरण्याचं हे दुसरं मोठं कारण.

पहिल्या बैठकीत भाषण नको, नियमावली नको. मुलं काहीतरी करून उठली पाहिजेत. वाङ्मय मंडळ असेल तर प्रत्येकाने ‘आमच्या गल्लीतला सगळ्यात जुना माणूस’ यावर दहा ओळी लिहून त्या फलकावर टाचून जायचं. तिसऱ्या बैठकीपर्यंत हाताला काम लागलं नाही, तर चौथीला हजेरी निम्मी होते.

एक शंभर पानी वही करा. पानावर चार रकाने: तारीख, कोण आलं, काय झालं, पुढच्या वेळी कोण काय आणणार. ही वही मुलांनी लिहायची, शिक्षकांनी फक्त सही करायची. चौथा रकाना रिकामा राहिला तर बैठक पुरी झालेली नाही असं समजा. कपाटाची किल्ली मंडळाच्या दोन मुलांकडे द्या. ती ऑफिसात राहिली तर शनिवारी शिपाईमामा बँकेत गेलेले असतात आणि सत्तरातली वीस मिनिटं किल्ली शोधण्यात जातात.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. चित्रकलेची एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट द्यायची आहे. एनसीसीत आहे आणि शाळेच्या नाटकातही असते. दहावीला याचे गुण मिळतात म्हणतात. नक्की किती? आणि दहावीत हे सगळं बंद करावं का?
*– पालक, कोथरूड*

चित्रकलेचं गणित सरळ आहे. इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर दहावीला ७ गुण, ब ला ५, क ला ३. त्यासाठी एलिमेंटरी उत्तीर्ण असावी लागते, ती मुलीची झाली आहे. हे गुण आपोआप लागत नाहीत. दहावीच्या वर्षात शाळेला विभागीय शिक्षण मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि दहावीच्या अर्जावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते आत्ताच तपासा. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग असल्या फरकांनी प्रस्ताव अडतो आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

७ गुण म्हणजे ५०० पैकी १.४ टक्के. तेवढ्यासाठी आवड नसलेल्या मुलीला चित्रकलेला बसवण्यात अर्थ नाही. तिला मुळात आवडत असेल तर ही परीक्षा नववीतच उरकावी, कारण ती पहिल्या सत्रात येते आणि दहावीत नेमकी तेव्हाच अभ्यासाची घाई असते. श्रेणी घसरते ती बहुधा भूमिती आणि अक्षरलेखनात. तिथे कलेपेक्षा टोकदार पेन्सिल आणि न डगमगणारं कंपास जास्त कामाचं. संकल्पचित्रात रंगकाम अपुरं राहतं, म्हणून घरी सराव करताना घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला सांगा.

एनसीसीत शाळेच्या पातळीवर दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि मग ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा असते. परेडला ७५ टक्के हजेरी आणि एक शिबिर लागतं. आठवीत सुरुवात केली असेल तर नववीत पुरं होईल आणि दहावी मोकळी मिळेल. वाढीव गुणांचं म्हणाल, तर खेळ, एनसीसी, स्काउट-गाइड यांत नुसत्या नावनोंदणीला किंमत नाही, ठरलेल्या स्तरावरची कामगिरी लागते.

नाटक मात्र पूर्ण सोडायला लावू नका. संमेलन डिसेंबरात, पूर्वपरीक्षा जानेवारीत, हे खरं. पण प्रकाश किंवा पार्श्वसंगीत सांभाळणाऱ्याला शेवटच्या पाच-सहा तालमींनाच यावं लागतं. दहावीत ती जागा मागून घ्यावी.

प्रश्न : आम्ही विज्ञान मंडळात अडथळा टाळणारी गाडी केली. कोड चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड, मोटर चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, चार पिवळ्या मोटर, पुढे आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. चाकं वर उचलून धरली की फिरतात. खाली ठेवली की झटका देतात, थांबतात, परत झटका देतात. कोड तीनदा तपासला.
*– इयत्ता आठवी, सहकारनगर*

कोडला हात लावू नकोस. दोष बॅटरीत आहे, आणि तुझ्या पत्रातच त्याचा पुरावा आहे: चाकं हवेत असली तर चालतात, जमिनीवर नाही.

चौकोनी बॅटरी थोडा थोडा प्रवाह बराच वेळ देण्यासाठी असते. चार मोटर एकदम सुरू होताना सगळ्या मिळून अँपिअरभर किंवा त्याहून जास्त प्रवाह मागतात. तेवढा देताना या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. आर्डुइनोला पुरेसा व्होल्टेज मिळेनासा झाला की तो बंद पडतो. तो बंद पडला म्हणून मोटर थांबतात, मोटर थांबल्या म्हणून व्होल्टेज परत चढतो, आर्डुइनो पुन्हा जागा होतो आणि मोटर सुरू करतो. तुझे झटके ते हेच. खात्री करायची तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लाव, दोन्ही टोकं बॅटरीला टेकव आणि गाडी जमिनीवर ठेवून सुरू कर. आकडा ९ वरून धाडकन ६ च्या खाली गेला की निदान पक्कं.

उपाय असा. ही ९ व्होल्टची बॅटरी फेकू नकोस, ती फक्त आर्डुइनोला ठेव, गोल जॅकमधून. आर्डुइनो आणि सेन्सर मिळून तिला झेपतात. मोटरसाठी वेगळा सहा सेलचा होल्डर घे आणि त्यात एए आकाराचे रिचार्जेबल सेल टाक. प्रत्येकी १.२ प्रमाणे ७.२ व्होल्ट होतात. होल्डरची लाल तार एल२९८एनच्या ‘१२ व्ही’ लिहिलेल्या खाच्यात, काळी ‘जीएनडी’त, म्हणजे ग्राउंडच्या (उणे बाजूच्या) खाच्यात. हा ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे मोटरला पाचच्या आसपास मिळतात. तुझ्या मोटर ३ ते ६ व्होल्टच्या आहेत, त्यांना तेवढं बरोबर. ड्रायव्हरच्या ‘५ व्ही’मधून आर्डुइनोकडे तार नेली असेल तर ती काढ.

आता सगळे विसरतात ती तार. ड्रायव्हरच्या ‘जीएनडी’तून आर्डुइनोच्या ‘जीएनडी’ला एक तार गेलीच पाहिजे. दोन बॅटऱ्या वेगळ्या असल्या तरी त्यांची काळी बाजू एक हवी, नाहीतर आर्डुइनोने पाठवलेला इशारा ड्रायव्हरला समजतच नाही आणि चाकं मनाला येईल तशी वागतात.

तरीही मधूनच अडकली, तर प्रत्येक मोटरच्या दोन पत्र्यांमध्ये ‘१०४’ लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर कर. मोटरच्या ब्रशमधून येणारा गोंगाट तो गिळतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर घाबरू नकोस, दोन मोटर कधीच सारख्या नसतात. जी बाजू जोरात आहे तिचा वेग कोडमध्ये २०० वरून १८५ कर आणि फरशीच्या रेषेवरून चालवून बघ.

सेन्सरचंही एक सांगून ठेवतो. समोर काहीच नसलं, किंवा भिंत तिरकी असल्याने आवाज परत आलाच नाही, तर वाचन शून्य येतं. कोड ते ‘अडथळा शून्य सेंटिमीटरवर’ असं समजतो आणि गाडी मोकळ्या मैदानात मागे पळते. शून्य आलं तर ‘समोर काही नाही’ धर. दोन वाचनांत ६० मिलिसेकंद जाऊ देत. पडदा, स्वेटर असल्या मऊ गोष्टी त्याला नीट दिसत नाहीत, त्यामुळे प्रदर्शनात कापड लावलेल्या टेबलासमोर गाडी दाखवू नकोस.

सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल. मोबाइलच्या जुन्या बॅटरीतून काढलेले लिथियमचे सेल कोणी स्वस्तात दिले तर घेऊ नकोस. तार चुकून टेकली तर ते पेट घेतात.

एक गोष्ट तुमच्या सरांसाठी. ही गाडी शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या इन्स्पायर-मानक या सरकारी पुरस्कार योजनेला पाठवायचा विचार असेल तर नको. तिथे कल्पना मुलाची स्वतःची लागते आणि निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात. अडथळा टाळणारी गाडी प्रदर्शनात शेजारच्या तीन टेबलांवर असतेच. याच सेन्सरने शाळेच्या पाण्याच्या टाकीची पातळी खाली मामांना कळवणारं काही केलं तर ते तुमचं म्हणता येईल.

प्रश्न : नाट्य मंडळात सातवी ते नववीची अठरा मुलं आहेत. आजवर फक्त संमेलनात नाटक केलं, आता बाहेरच्या आंतरशालेय स्पर्धेत उतरायचं आहे. लेखकाची परवानगी लागते का? तालमी किती? अठराही मुलांना स्टेजवर घ्यावं असं पालकांचं म्हणणं आहे.
*– शिक्षक, धायरी*

परवानगीचं आधी. शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी प्रयोग केला आणि प्रेक्षकांत शाळेतले लोक व पालकच असले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला सूट आहे. म्हणून संमेलनात कधी कोणी विचारलं नाही. स्पर्धा नाट्यगृहात, बाहेरच्या प्रेक्षकांसमोर होणार, तिथे ही सूट धरून चालू नका. लेखकाचं किंवा त्यांच्या वारसांचं लेखी संमतीपत्र घ्या आणि मानधन ठरत असेल तर तेही त्याच कागदावर येऊ द्या. फोनवर ‘करा हो’ म्हणाले, एवढ्यावर प्रवेशिका भरू नये. शिवाय सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित असावी लागते. स्पर्धेच्या नियमावलीत हा मुद्दा पहिल्यांदा शोधा. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो आणि तालमी रंगात आल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं झाली की लेखन खुलं होतं. नाट्यछटाकार दिवाकर १९३१ साली गेले, त्यांच्या नाट्यछटांना आज कोणाची परवानगी लागत नाही. अठरा मुलांच्या मंडळाला जुलै-ऑगस्टमध्ये नाट्यछटाच द्या. एकच पात्र बोलतं, समोरची माणसं न दिसणारी, नेपथ्य शून्य, वेळ तीन ते पाच मिनिटं. न दिसणारा माणूस नेमका कुठे उभा आहे आणि किती उंच आहे हे मुलाने नजरेने धरून ठेवावं लागतं. नजर सरकली की तो माणूस नाहीसा होतो. कोणाची नजर टिकते ते या दोन महिन्यांत कळतं आणि नाटकाची पात्रनिवड अर्धी होऊन जाते.

अठरा जणांना स्टेजवर घेण्याचा आग्रह सरळ नाकारा. वीस-पंचवीस मिनिटांच्या नाटकात सात-आठ पात्रं पुरतात. गर्दी झाली की निम्मी मुलं मागे उभी राहून प्रेक्षकांत आई शोधतात. बाकीच्यांना नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, सामान आणि प्रॉम्प्टिंग द्या, आणि स्पर्धेच्या अर्जात त्यांची नावं त्या कामांपुढे लिहा. पालकांना छापलेलं नाव दिसलं की बरीच कुरबुर मिटते.

तालमी रोज दीड तास धरून चार आठवडे लागतात. पहिला आठवडा नुसतं बसून वाचन. याच आठवड्यात जोडाक्षरं आणि ‘न-ण’, ‘श-ष’ सुधारा, नंतर होत नाही. दुसऱ्या आठवड्यात हालचाली. ज्या नाट्यगृहात प्रयोग आहे त्या रंगमंचाची रुंदी-खोली विचारून घ्या आणि शाळेच्या हॉलमध्ये खडूने तेवढाच चौकोन आखा. वर्गात बसवलेलं नाटक मोठ्या रंगमंचावर नेलं की मुलं मधोमध गोळा होतात, कारण पायांना वर्गाची सवय असते. तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवसापासून हातात कागद नको. चौथ्या आठवड्यात संगीत, सामान आणि दोन रंगीत तालमी.

प्रयोगाच्या दिवशीचं एवढं पाहा. संगीत मोबाइलवर असेल तर तो विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गंभीर प्रसंगात कोणाच्या तरी मावशीचा फोन सभागृहभर वाजतो. फूट माइक, म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेले माइक असतील तर लाकडी लेव्हलवरून (चौथऱ्यांवरून) मुलांनी अनवाणी चालावं, बुटांचा आवाज संवाद खातो. नेपथ्य लावायला आणि काढायला किती मिनिटं मिळणार ते नियमावलीत असतं, त्याची घड्याळ लावून वेगळी तालीम घ्या. अभिनय उत्तम होऊनही वेळेत रंगमंच रिकामा न केल्याने गुण जातात.

प्रश्न : शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन करायचं आहे. दुर्बिणीला पैसे नाहीत. पुण्याच्या उजेडात काही दिसतं तरी का?
*– शिक्षिका, बिबवेवाडी*

दिसतं, पण काय दाखवायचं ते ठरवून दाखवावं लागतं. जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत आकाश चांगलं.

कोजागरीला कार्यक्रम ठेवण्याचा मोह होतो, पण चंद्र बघायला पौर्णिमा सगळ्यात वाईट. ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात आणि विवरं सपाट दिसतात. शुद्ध सप्तमी-अष्टमी निवडा. त्या दिवशी सूर्य मावळताना अर्धा चंद्र डोक्याजवळ असतो, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि साडेसात-आठपर्यंत मुलं घरी जाऊ शकतात. १० बाय ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) यासाठी पुरते. ती हातात धरली तर चित्र थरथरतं, म्हणून कॅमेऱ्याच्या तिपाईला बांधा किंवा कोपरं टेबलावर टेकवा. तिपाईवर ठेवली तर गुरूचे चार मोठे चंद्रही ठिपक्यांसारखे दिसतात. शनीची कडी मात्र तिने दिसणार नाही, त्याला पंचवीस-तीस पटींची दुर्बीण हवी. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होतो. डिसेंबर-जानेवारीत मृग आणि कृत्तिका. कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांना पाच-सहा ताऱ्यांचा वाटतो, द्विनेत्रीतून कितीतरी तारे निघतात. देवयानी दीर्घिकेचं नाव बिबवेवाडीच्या गच्चीवर काढू नका.

काहीही विकत न घेता करण्यासारखं काम म्हणजे चंद्राची नोंद. अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी सुरू करून रोज संध्याकाळी सातला चंद्र कुठे आहे ते मुलांनी आपापल्या घरून टिपायचं. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश. चंद्र रोज १२-१३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे सव्वा मूठ. आठवड्याभरात वहीतच दिसतं. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो तो, पुण्यात १३ मे आणि ३० जुलैच्या आसपास असतो. एक सुट्टीत आणि दुसरा ढगांत, म्हणून मंडळाच्या वेळापत्रकात तो धरू नका.

मदत हवी तर टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची ही संस्था चालते आहे. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जोडून ती लोकांना पाहता येते, सहलीसाठी त्याहून चांगला मुहूर्त नाही.

द्विनेत्री दिवसा कपाटात कुलपात ठेवा. तिच्यातून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जातो. गच्चीचा कठडा मुलांच्या छातीपेक्षा खाली असेल तर कार्यक्रम मैदानावर घ्या. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीसेक मिनिटं घेतात.

प्रश्न : आमचं भित्तिपत्रक कोणी वाचत नाही. मुलं मेहनत करतात, म्हणून वाईट वाटतं.
*– ग्रंथपाल, चिंचवड*

ते लावलंय कुठे? मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर असेल तर तिथे कोण थांबणार! पाण्याच्या नळाजवळ लावा, तिथे रांग असते. फलकाचा मध्य आठवीच्या मुलाच्या डोळ्यासमोर यावा, सुमारे साडेचार फुटांवर. हस्ताक्षर हातभर अंतरावरून वाचता येईल इतकं मोठं आणि मजकूर प्रत्येकी दीडशे शब्दांच्या आत. संपूर्ण कार्डशीट भरून टाकू नका. खालचा चौथा भाग कोरा ठेवून त्यात एक प्रश्न विचारा आणि दोरीला पेन्सिल बांधा. मुलं उत्तरं लिहायला आली की वरचंही वाचतात. दर दुसऱ्या सोमवारी जुनं काढलंच पाहिजे, नवं तयार नसलं तरी. कोरा फलक दिसला की संपादक मंडळाला लाज वाटते आणि अंक वेळेवर निघतो. चांगला मजकूर बालभारतीच्या ‘किशोर’कडे पाठवा.

प्रश्न : मंडळासाठी प्रत्येकी १०० रुपये घेतले. एका पालकांनी हिशेब मागितला आणि वाद झाला. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावरूनही तक्रारी आहेत.
*– शिक्षक, वारजे*

हिशेब मागितला हे योग्यच झालं. पैसे शिक्षकाच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीही घेऊ नयेत, ते शाळेच्या खात्यात जमा करून पावती द्यावी. रक्कम आधी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात नोंदवावी. ज्याला देणं जमत नाही त्याचं नाव वर्गात घेऊ नये, चोवीसांत दोघा-तिघांचा खर्च सामावेल असंच अंदाजपत्रक करावं. जमा-खर्चाचं एक पान दर सत्राअखेर मंडळाच्या फलकावर लावा. त्यात चार्टपेपर, सेल, रिक्षाभाडं असं सुटंसुटं लिहा. ‘इतर खर्च’ हा शब्द दिसला की वाद पुन्हा सुरू होतो.

व्हॉट्सअॅप गट पालकांच्या नंबरांचा करा, मुलांच्या नव्हे, आणि फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. अॅडमिन दोन शिक्षक असावेत, त्यात एक शिक्षिका. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या, तीही जूनच्या प्रवेश-अर्जाबरोबरच. एकट्या मुलाला रात्री वैयक्तिक संदेश पाठवायचा नाही. संवाद पाठ झाले का हे विचारायचं असलं, तरी ते दुसऱ्या दिवशी शाळेत विचारा.